पुलाखालचं शहर

[पहाट. काँक्रीटची नदी, लांबून ट्रकचा आवाज]

ही नदी आहे. हो नदीच, नीट बघा, मधे जी बारीक धार चाललीये ना, ती लॉस एंजेलिस नदी. 1938 च्या मार्चमधे मोठा पूर आला, शंभरावर माणसं गेली, त्यानंतर आर्मीच्या इंजिनियर लोकांनी हिला बहुतेक ठिकाणी काँक्रीटमधे बांधून टाकलं. लांबी साधारण 82 किलोमीटर. आणि याच काँक्रीटवर एक लांब केसांचा उघडाबंब माणूस स्लो मोशनमधे पळतो, तो व्हिडिओ नव्वदीत ज्यांनी एमटीव्ही बघितलाय त्यांना नक्की आठवत असेल. गायक, अँथनी किडिस. बँड, रेड हॉट चिली पेपर्स. गाणं, अंडर द ब्रिज.

लोक याला ड्रग्जचं गाणं म्हणतात. आहेच, तेही आहे त्यात. पण मला विचाराल तर आधी ते या शहराचं गाणं आहे, आणि त्यासाठीच आम्ही दोन दिवस कॅमेरा घेऊन फिरलो.

[फ्रीवे, संध्याकाळ, गाडीच्या आतून]

हा 101 नंबरचा फ्रीवे. ऑफिस सुटायची वेळ, पुढे सगळे लाल दिवे. प्रत्येक गाडीत एक माणूस, मोजून एक. 1991 साल, बँडच्या नवीन अल्बमची तालीम चालू होती, किडिसने 1988 मधे नशा सोडलेली, आणि बँडमधले दोघं, बासवाला फ्ली आणि गिटारवाला जॉन फ्रुशांते, एकत्र गांजा ओढत बसायचे, त्यांची आपली वेगळीच गट्टी जमलेली, हा बाजूला पडलेला. त्याच 1988 मधे त्यांचा आधीचा गिटारिस्ट, शाळेपासूनचा दोस्त हिलेल स्लोव्हाक, हेरॉइनने गेला होता. तर असा हा तालमीतून गाडी चालवत घरी निघाला आणि गाडीतच गुणगुणायला लागला, की बाकी कोणी नसलं तरी हे शहर आहे आपल्या सोबतीला. गाण्यात तो शहराला ‘ती’ म्हणतो. जिच्या टेकड्यांमधून तो चालत जातो, अशी ती.

[हॉलिवूडच्या टेकड्या, वरून दिवे]

या त्या टेकड्या. आता गंमत बघा, किडिस जन्माने इथला नाही, मिशिगनचा, पोरवयात बापाकडे राहायला आला. फ्ली ऑस्ट्रेलियात जन्मलेला, हिलेल इस्रायलमधे, फ्रुशांते न्यूयॉर्कमधे, ड्रमर चॅड स्मिथही बाहेरचाच. शहरावर असं वेड्यासारखं प्रेम बहुतेक बाहेरून आलेलाच करतो. कोकणातून परळ-लालबागला आलेल्या माणसाला मुंबईबद्दल एक शब्द वाईट बोलून दाखवा, मग कळेल.

[वही, हाताचा क्लोजअप]

ही वही आमची आहे, किडिसची नाही, पण वहीचा किस्सा खरा आहे. घरी पोचून त्याने ते लिहून काढलं आणि ठेवून दिलं. कोणाला दाखवायचं नव्हतं, कारण हे लोक उड्या मारत फंक, म्हणजे ठेक्यावर नाचवणारं संगीत, वाजवणारे, त्यात ही हळवी कविता कुठे बसवायची? प्रोड्यूसर रिक रुबिन एकदा त्याच्या घरी आला, वही चाळता चाळता त्याला हे पान सापडलं, म्हणाला हे काय आहे, हे बँडला म्हणून दाखव. हा नको नको म्हणत होता, आवाज फाटेल, हे आपल्या टाइपचं नाही, असं सगळं. शेवटी म्हटलं. आणि बाकीचे तिघं काही न बोलता उठून आपापल्या वाद्यांपाशी गेले.

[गिटार, उजेड खिडकीतून]

हे हात माझ्या डोंबिवलीच्या मित्राचे, तो आता इथेच राहतो. सुरुवात ऐका. डी कॉर्ड, मग एफ शार्प, परत डी. त्याचा अंगठा बघा, गिटारच्या दांडीच्या वरून येऊन जाड तार दाबतोय, क्लासमधे असं धरलं तर मास्तर ओरडतील, पण साठीतला मोठा गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्स असाच धरायचा आणि फ्रुशांतेवर त्याचा मोठा पगडा. त्यामुळे बाकीची बोटं मोकळी राहतात आणि कॉर्डच्या मधेमधे छोटे छोटे सूर टाकता येतात. फ्रुशांतेचं म्हणणं होतं की शब्द आधीच इतके उदास आहेत तर कॉर्ड्स जरा आनंदी ठेवू. मला वाटतं सगळी जादू इथेच आहे, दुःखी शब्दांखाली उजेड लावून ठेवलाय. पहिलं कडवं नुसतं गिटार आणि आवाज, ड्रम्स नाहीत, बास नाही, आणि ते एकएक करून आत येतात तेव्हा रिकाम्या खोलीत माणसं जमावीत तसं वाटतं. तेव्हा जॉन होता जेमतेम एकवीस वर्षांचा!

[लॉरेल कॅन्यन, बंद गेट, झाडं]

रेकॉर्डिंग इथे, या घरात. स्टुडिओ नाही, जुना बंगला, सगळं सामान इथेच आणून लावलेलं. तिघं इथेच राहायला. चॅड मात्र राहिला नाही, त्याला हे घर भुताटकीचं वाटायचं, तो रोज बाइकवरून यायचा. किडिसने गायलं आपल्या झोपायच्या खोलीत. बाहेरून बघताना काही वाटत नाही, नुसती भिंत आणि वेल.

[पुलाचे खांब, सावली, दुपार]

हा तो पूल नाही. असाच एक पूल. नशेच्या दिवसांत गँगच्या ताब्यातल्या एका पुलाखाली किडिस माल घ्यायला जायचा, शेवटचं कडवं त्या जागेचं आहे, आणि पूल नेमका कुठला ते त्याने सांगितलं नाही. लोक नकाशे घेऊन शोधत बसतात. आम्ही नाही शोधला.

[रात्र, डाउनटाउन, थिएटरच्या पाट्या]

अल्बम सप्टेंबर 1991 चा, सिंगल आला मार्च 1992 मधे, व्हिडिओ केला सिनेमावाल्या गस व्हॅन सँटने, बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत, दोन नंबरपर्यंत गेलं, त्याच वसंतात या शहरात दंगल पेटली, आणि मे महिन्यात जपानच्या दौऱ्यात फ्रुशांते बँड सोडून निघून गेला, पुढे त्यालाही हेरॉइनने गाठलं, 1998 मधे परत आला.

[परत नदी. संध्याकाळ. पाण्यात एक बगळा]

शेवटाकडे जे कोरस येतं, त्यात फ्रुशांतेची आई, नाव तिचं गेल, आणि तिच्या मैत्रिणी गातायत. मुलाच्या बँडसाठी आई येऊन उभी राहिली. त्या बायकांचे आवाज वर वर चढत जातात ते ऐका आता, मी गप्प बसतो.