कार्ड मरतं तेव्हा नेमकं काय मरतं?

नमस्कार. समोर लग्नाचे फोटो काढणारे आहेत, गाडीत डॅशकॅम लावलेले आहेत, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर प्रयोग करणारेही आहेत. तक्रार मात्र सगळ्यांची एकच असते: ‘कार्ड करप्ट झालं.’ या तीन शब्दांमागे निरनिराळे आजार असतात. एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला, की वाचू शकणारा डेटाही हातचा जातो. म्हणून आधी कार्डाच्या आत काय असतं ते बघू.

नखाएवढ्या मायक्रोएसडी कार्डात नँड फ्लॅश मेमरी असते आणि तिचा कारभार पाहणारा एक छोटा प्रोसेसर, म्हणजे कंट्रोलर असतो. नँड फ्लॅश ही तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांची देणगी; 1987 साली ती जगासमोर आली. तिच्यातल्या प्रत्येक सेलमध्ये इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात, भोवती ऑक्साइडचा अतिपातळ थर असतो. लिहिताना साधारण 20 व्होल्टचा दाब देऊन इलेक्ट्रॉन या थरातून आत ढकलतात, पुसताना बाहेर ओढतात. दर खेपेला थर थोडा थोडा झिजतो आणि मग इलेक्ट्रॉन झिरपायला लागतात.

सेल म्हणजे पाण्याचा रांजण समजा. जुन्या एसएलसी प्रकारात एका सेलमध्ये एकच बिट असे; रांजण भरलेला आहे की रिकामा, एवढंच ओळखायचं असे. टीएलसीमध्ये एका सेलमध्ये 3 बिट बसवतात, म्हणजे पाण्याच्या 8 पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात, क्यूएलसीत 4 बिट, म्हणजे 16 पातळ्या. थोडं पाणी झिरपलं तरी उत्तर चुकतं. एसएलसी साधारण 1 लाख वेळा पुसून लिहिता येते, टीएलसी हजार ते तीन हजार वेळा, क्यूएलसी त्याहून कमी. कार्ड स्वस्त झालं आणि क्षमता वाढली, त्याची किंमत आपण इथे मोजली आहे.

या चुका आपल्याला रोज दिसत नाहीत, कारण कंट्रोलर त्या दुरुस्त करत असतो. प्रत्येक पेजसोबत, म्हणजे एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्यासोबत, तो जादा बिट लिहून ठेवतो आणि वाचताना त्यांच्यावरून चुकलेले बिट शोधून काढतो. चुका वाढल्या की थोडा वेगळा व्होल्टेज लावून तेच पेज पुन्हा पुन्हा वाचून बघतो. बाहेरून आपल्याला काय दिसतं? कॉपी व्हायला लागणारा वेळ वाढतो. एरवी सेकंदाला 90 एमबी वेगाने उतरणारे फोटो काही फाइलींवर अडकून 2-3 एमबीवर आले आणि रीडर, केबल बदलूनही तसंच झालं, तर ते कार्ड त्याच दिवशी वापरातून काढा. यापेक्षा स्पष्ट इशारा कार्ड सहसा देत नाही. दुरुस्तीची मर्यादा ओलांडेपर्यंत फाइल शंभर टक्के ठीक असते आणि ओलांडली की ती अर्धवट उघडते किंवा उघडतच नाही.

कंट्रोलरचं दुसरं काम हिशेबाचं. नँडमध्ये लिहायचं एकक म्हणजे पेज, साधारण 16 केबीचं. पुसायचं एकक मात्र ब्लॉक, कित्येक एमबीचा. एक ओळ बदलायची तरी नवं पेज लिहावं लागतं आणि कधी ना कधी जुना ब्लॉक रिकामा करण्यासाठी त्यातला जिवंत डेटा दुसरीकडे हलवावा लागतो. म्हणजे तुम्ही लिहिता त्याच्या कित्येक पट लिखाण आत होतं. रास्पबेरी पायवर दर काही सेकंदाला लॉगमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदवहीत, एक ओळ पडते, तिथे कार्ड याच कारणाने लवकर संपतं. लॉग रॅममध्ये ठेवा, नाहीतर रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममधून ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा; मग बदल कार्डाऐवजी रॅममध्ये राहतात. कार्डावरचं लिखाण जवळजवळ थांबतं.

झिजेचं मोठं, नोंदलेलं उदाहरण मोटारीतलं आहे. टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांच्या स्क्रीनमागे 8 जीबीची ईएमएमसी चिप होती. ईएमएमसी म्हणजे बोर्डावर सोल्डर केलेलं, काढता न येणारं कार्डच. तिची क्षमता पुसून लिहिण्याच्या 3000 फेऱ्यांची. गाडीच्या रोजच्या लिखाणाने ती 5 ते 6 वर्षांत संपत होती. मग स्क्रीन बंद, रिव्हर्स कॅमेरा बंद, काचेवरचं धुकं घालवण्याची बटणंही गेली. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेच्या मागणीनंतर फेब्रुवारी 2021 मध्ये सुमारे 1 लाख 35 हजार गाड्या परत बोलावल्या आणि 64 जीबीची चिप बसवून द्यायचं ठरलं. चिप सदोष नव्हती. किती लिखाण होणार याचा हिशेब कमी पडला होता.

तोच हिशेब तुमच्या डॅशकॅमचा मांडा. रेकॉर्डिंग सेकंदाला 16 मेगाबिट, म्हणजे 2 एमबी. तासाला 7.2 जीबी. टॅक्सी दिवसाला 10 तास चालली तर 72 जीबी. 64 जीबीचं कार्ड रोज एकदा पूर्ण भरून वर थोडं लिहिलं जातं. आतलं जादा लिखाण धरून दुप्पट समजा, तर दिवसाला सव्वादोन फेऱ्या. 1000 फेऱ्यांचं कार्ड पंधराएक महिन्यांत संपलं. 256 जीबीचं घेतलं तर हेच आयुष्य चौपट होतं. म्हणून डॅशकॅम आणि सीसीटीव्हीसाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं कार्ड घ्या, आणि गरजेपेक्षा मोठं घ्या. पाकिटावरचा व्ही30 हा आकडा सेकंदाला किमान 30 एमबी लिहिण्याचा वेग सांगतो. कार्ड किती टिकेल हे त्यावरून कळत नाही.

आयुष्य संपलेलं कार्ड अनेकदा स्वतःला कुलूप लावून घेतं. ते ओळखायची खूण अशी: फाइल डिलीट करा, ती जाते. फॉरमॅट मारा, ‘पूर्ण झालं’ असं दिसतं. कार्ड काढून पुन्हा घाला, सगळ्या फाइली जागच्या जागी! डिलीट झालेलं फक्त कॉम्प्युटरच्या रॅममध्ये होतं. कार्डाने काही लिहून घेतलंच नाही. लोक याला व्हायरस समजतात. खरं तर कंट्रोलर तुम्हाला डेटा काढून घ्यायची शेवटची संधी देतोय. ती घ्या आणि कार्ड कात्रीने कापून टाका.

दुसरा आजार आहे वीज जाण्याचा. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असताना बॅटरी काढली, तर चालू असलेला फोटो जाणारच. पण कधीकधी तासाभरापूर्वीचे फोटोही जातात. कारण एकाच सेलमध्ये दोन-तीन बिट असतात आणि ते वेगवेगळ्या पेजचे असतात. दुसरं पेज लिहिताना मध्येच वीज तुटली, की त्याच सेलमधलं आधी नीट लिहिलेलं पेजही बिघडू शकतं. त्यात कंट्रोलरचा नकाशा, म्हणजे कुठली माहिती कुठल्या ब्लॉकमध्ये आहे याची नोंद, अर्धवट राहिली तर कार्ड शून्य बाइटचं दिसतं किंवा दिसतच नाही. मोठ्या कार्डांवर फाइलींची मांडणी ठेवणाऱ्या एक्सफॅट फाइल सिस्टीमला जर्नल, म्हणजे अर्धवट बदलांची नोंद, नसतं, त्यामुळे तिच्याकडूनही सावरून घेण्याची अपेक्षा नको. बॅटरी एक कांडी उरली असताना शूट चालू ठेवू नका.

नकली कार्डांचं वेगळं. आत 16 जीबी असतात आणि कंट्रोलर 512 सांगतो. फाइलींची यादी कार्डाच्या सुरुवातीलाच असते, म्हणून नावं आणि आकार व्यवस्थित दिसतात, पण आत मजकूर नसतो. नवं कार्ड हातात आल्यावर विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ3 चालवा. हे प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतात आणि सगळं परत वाचून ताडून बघतात. 128 जीबीचं कार्ड सेकंदाला 25 एमबीने भरायला सुमारे 85 मिनिटं लागतात. लग्नाच्या ऑर्डरीआधी एवढा वेळ काढाच.

उष्णतेचंही सांगतो. इलेक्ट्रॉन झिरपण्याचा वेग तापमानाबरोबर कित्येक पटींनी वाढतो. कॉम्प्युटरमधल्या साध्या एसएसडीसाठी, म्हणजे फ्लॅशच्याच डिस्कसाठी, चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेची अपेक्षा आहे की पूर्ण झिजल्यावर, वीज नसताना, 30 अंशांवर ती 1 वर्ष डेटा धरून ठेवेल. मे महिन्यात विदर्भात उन्हात बंद उभ्या गाडीतलं झिजलेलं कार्ड याच्या कितीतरी आधी विसरायला लागेल. शूट झालं की त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी, आणि कॉपी उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

आता बिघाड झालाच तर. पहिलं काम: कार्ड कॅमेऱ्यातून काढा. मोठ्या एसडीच्या कडेची लॉकची पट्टी खाली करा. ती फक्त रीडरला दिलेली खूण आहे, काही रीडर तिला जुमानत नाहीत, तरी करा. विंडोज ‘फॉरमॅट करायचं का’ विचारेल, नाही म्हणा. चेक डिस्क हे विंडोजचं दुरुस्तीचं साधन मूळ कार्डावर चालवू नका, ती फाइलींचे तुकडे करून ठेवते.

मग लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने संपूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या डिस्कवर घ्या; कुठला भाग वाचला, कुठला अडला याची नोंद ठेवणाऱ्या मॅपफाइलसकट. पहिल्या फेरीत अडलेले भाग वगळून पुढे जायला सांगा, कारण मरणाऱ्या कार्डातून चांगला भाग आधी काढणं महत्त्वाचं. दुसऱ्या फेरीत अडलेल्या भागांवर तीनदा प्रयत्न. मॅपफाइल असली तर मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. यानंतरचं सगळं काम इमेजवर: फाइल सिस्टीम बिघडली असेल तर टेस्टडिस्क, फक्त फोटो हवे असतील तर फोटोरेक हा प्रोग्राम वापरा. चुकून मारलेल्या क्विक फॉरमॅटनंतर बहुतेकदा फोटो मिळतात. पण काही कॅमेरे फॉरमॅट करताना पुसण्याची आज्ञाही देतात, तिथे उपाय नाही.

कार्ड दिसतच नसेल तर सॉफ्टवेअरचा उपयोग नाही. रबराने संपर्कपट्ट्या हलक्या हाताने पुसा, दुसरा रीडर लावून बघा, आणि थांबा. मायक्रोएसडीत सगळं एकाच ठोकळ्यात असतं. लॅबवाले वरचा रंग घासून आतल्या संपर्कबिंदूंवर तारा सोल्डर करतात आणि कंट्रोलरला वगळून नँड थेट वाचतात. काम खर्चिक आहे. कार्ड वाकलेलं किंवा तडकलेलं असेल तर यश मिळणं कठीण, म्हणून ते टिश्यूत न गुंडाळता प्लॅस्टिकच्या कडक डबीत न्या. आणि फोनमध्ये कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून वापरत असाल, तर फोन रिसेट करू नका. त्या कार्डावरचा डेटा कुलूपबंद असतो, किल्ली फोनमध्ये असते. फोनही सोबत न्या.