अण्णांच्या तीन फियाट (माहितीपटाचं निवेदन)

चोक, म्हणजे गार इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी खुंटी, अर्धाच ओढायचा. पूर्ण ओढला की प्लग ओले होतात, मग बसा काढून पुसत. सकाळचे साडेसहा, साताऱ्यात गारठा, आणि अण्णा १९६७ च्या फियाट डिलाइट गाडीला उठवतायत. पहिला सेल्फ. दुसरा.

(इथे बोलायचं नाही. इंजिन लागतं तो आवाज पूर्ण येऊ द्या.)

शेडमध्ये तीन गाड्या आहेत, तिन्ही फियाट: ही डिलाइट, एक पद्मिनी आणि एक डुक्कर. सगळ्यात आत, भिंतीला लागून उभी आहे ती डुक्कर फियाट. त्या फुगीर नाकाडामुळे हे नाव पडलं, आणि लोक ते लाडानंच घ्यायचे. तिचं पुढचं दार बघा. बिजागरी मागच्या बाजूला, त्यामुळे दार उलटं उघडतं. अण्णा दहा वर्षांचे होते तेव्हा त्यांचे वडील एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टरांची गाडी अशीच होती आणि ती पुसायचं काम अण्णांकडे. आधी पाणी, मग फडकं. धुळीवर कोरडं फडकं फिरवलं की रंगावर चरे पडतात. साठ वर्षं झाली, क्रम तोच आहे.

ही डुक्कर त्यांना मिळाली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या.

पुढे अण्णांना एसटीच्या वर्कशॉपात नोकरी लागली. दिवसभर बसची डिझेल इंजिनं, संध्याकाळी फियाट. अँबॅसिडर दोनदा स्वस्तात चालून आली होती. घेतली नाही.

(कुर्ल्याची जुनी छायाचित्रं.)

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभी केली. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. इटलीच्या फियाटची अकराशे तिथे जुळवली जायची, मग एकेक करत भाग इथेच बनू लागले. १९६४ मध्ये डिलाइट आली आणि १९७४ पासून त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. कागदावर पद्मिनी असली तरी गॅरेजात, टॅक्सीस्टँडवर आणि लग्नाच्या वरातीत ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. कुर्ल्याच्या त्या जागेवर आता इमारती आहेत.

(कार्बोरेटर. अगदी जवळून.)

हे मात्र नीट बघा. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडलाय. बोटाच्या पेरावर मावेल एवढा पितळी तुकडा म्हणजे जेट. त्यातल्या भोकातून किती पेट्रोल जायचं ते ठरतं, आणि भोक केसाएवढं. कचरा अडकला की गाडी आचके देते. घाईतला माणूस तार घालतो. तार घातली की भोक रुंदावतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. अण्णा फुंकर मारतात, उजेडाकडे धरून बघतात, पुन्हा फुंकर मारतात. मग डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचे, पॉइंट. बारीक पॉलिश पेपर, फट मोजायची पट्टी म्हणजे फीलर गेज, एक स्क्रू अगदी हलका पिळायचा. १-३-४-२ असा सिलिंडर पेटण्याचा क्रम आहे आणि वायरी त्याच क्रमानं बसतात. संगणक लागत नाही. एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर आणि शांत हात लागतो. या गाडीत माणसाच्या हातापासून लपवलेलं असं काहीच नाही, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी ती जपण्याजोगी आहे असं आम्हाला वाटतं.

आता लोहचुंबक. अण्णा ते फडक्यात गुंडाळून पद्मिनीच्या मडगार्डवरून फिरवतायत. चिकटतंय, चिकटतंय... इथे सुटलं. म्हणजे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे, पत्रा खोलवर दबलेला आहे. आधीच्या कुणीतरी पोचा ठोकून काढण्याऐवजी बुजवून टाकला. अण्णांनी ती सगळी लांबी खरवडली. आतून डोली, म्हणजे आधाराचा लोखंडी ठोकळा, धरायची, बाहेरून हातोडी. जोरात नाही, टिचक्या मारल्यासारखी. जास्त ठोकलं तर पत्रा ताणला जातो आणि पुन्हा सपाट बसत नाही. दर दहा-बारा टिचक्यांनी तळहात फिरवायचा, कारण डोळ्याला दिसत नाही तो उंचवटा तळहाताला कळतो. एका मडगार्डला अकरा दिवस लागले. आम्ही त्यातले तीन दिवस तिथे होतो.

(हात. फक्त हात.)

या गाड्यांपायी गावाकडचं अर्धा एकर रान विकावं लागलं, आणि घरात बरेच महिने अबोला होता.

यवतेश्वरचा घाट. मे महिना, दुपार. चौथ्या वळणावर डिलाइट दमते आणि बंद पडते. अण्णा घाबरत नाहीत, बाटली काढतात. पेट्रोलचा पंप इंजिनच्याच अंगाला बसवलेला असतो. चढावर इंजिन तापतं, पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच ढकलत राहतो. उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. पाच-सात मिनिटं थांबायचं. तेवढ्यात मागून आलेल्या दोन गाड्या थांबल्या, एकातले आजोबा उतरले आणि काही न विचारता बॉनेटपाशी उभे राहिले. त्यांच्याकडेही फियाट होती.

(शांतता. दोघं बॉनेटमध्ये बघतायत. मग सेल्फ.)

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी फियाट रस्त्यावरून गेली. बातम्यांत हळहळ व्यक्त झाली. अण्णांसाठी गोष्ट अधिक सरळ होती. टॅक्सी होत्या तोवर सुटे भाग मिळत होते. भंगारात निघालेल्या टॅक्सीतून त्यांनी स्टिअरिंगवरच्या गिअरचे दांडे, बुश आणि दाराच्या कड्या आणून ठेवल्या. त्या समोरच्या डब्यांत आहेत. डबे आता भरत नाहीत.

आणि नियम. २०२१ पासून केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली की गाडी व्हिंटेज. डुक्कर त्यात बसते, डिलाइट बसते. १९८४ ची ही पद्मिनी मात्र २०३४ पर्यंत व्हिंटेज होत नाही. तोवर ती नुसतीच जुनी गाडी, दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी करून घ्यायची. अशा कितीतरी पद्मिनी या मधल्या वर्षांतच भंगारात जातायत, पन्नाशी गाठण्याआधी. ही पन्नासची अट चाळीसवर यावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पद्मिनीचं पासिंग, म्हणजे आरटीओतली तपासणी, मंगळवारी आहे, आज शनिवार. हॉर्न वाजतो, वायपर फिरतो, दोन्ही हेडलाइट समोरच्या भिंतीवर खडूनं काढलेल्या रेघेवर बरोबर पडतायत. हँडब्रेकची केबल तेवढी बदलायची राहिलीय. अण्णांनी चाकामागे दगड लावला, गोणपाट अंथरलं आणि ते गाडीखाली गेले.

(गाडीखालून बाहेर आलेला हात. नात त्यात बाराचा पाना ठेवते.)