सांगून होणारे काम, पाहून कळणारे काम

सकाळचे 9 वाजले आहेत. दिवसभराच्या भेटींचे वेळापत्रक पडद्यावर तयार आहे, प्रवासाची तिकिटे येऊन पडली आहेत आणि रात्रभरात आलेल्या ई-मेलपैकी केवळ 6 उत्तरासाठी बाजूला काढून ठेवल्या आहेत. हे सारे करणारी व्यक्ती या कार्यालयात कधीच आलेली नाही. ती आहे व्हर्च्युअल असिस्टंट, म्हणजे दूर राहून, स्वतःच्या संगणकावर, ठरलेल्या तासांपुरते काम करणारी सहायक.

दुसऱ्या एका कार्यालयात बैठक लांबली आहे. बाहेर बसलेल्या पाहुण्यांची चुळबुळ पाहून स्वीय सहायक आत जातो आणि साहेबांसमोर एक चिठ्ठी सरकवतो. हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

या दोन प्रकारच्या सहायकांपैकी एकाची निवड करताना बहुतेकांची नजर आधी खर्चावर जाते. पूर्णवेळ सहायकाच्या पगाराबरोबर भरपगारी रजा, बसण्याची जागा, संगणक आणि काम नसलेले तासही येतात. व्हर्च्युअल असिस्टंटला बहुधा कामाच्या तासांचेच पैसे द्यावे लागतात, मात्र काम समजावून सांगण्यात गेलेला वेळही त्याच तासांत मोजला जातो, हे पहिले बिल हाती आल्यावर ध्यानात येते. म्हणूनच हिशेबाची सुरुवात पैशांपासून करू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. आठवडाभर आपण काय काय केले ते वहीत लिहावे आणि प्रत्येक नोंदीपुढे एवढेच ठरवावे, की हे काम सांगून होणारे आहे की पाहून कळणारे.

विश्वासाचा भाग अधिक नाजूक आहे. जीमेलमध्ये पासवर्ड न देताही दुसऱ्या व्यक्तीला आपल्या ई-मेल वाचण्याची व उत्तरे पाठवण्याची परवानगी देता येते, आणि ती सोय जरूर वापरावी. पैशांच्या व्यवहारात मात्र ओटीपी मालकाच्या फोनवर येतो, मालक बैठकीत असतात, फोन सायलेंटवर असतो आणि तिकडे तिकिटाच्या आरक्षणाची मुदत संपून जाते. कार्यालयातला सहायक अशा वेळी उठून दाराशी जाऊ शकतो.

दूरच्या सहायकासाठी प्रत्येक सूचना लिहून ठेवावी लागते. सुरुवातीला हे जिकिरीचे वाटते, पण माणूस बदलला तर नवा सहायक तीच फाईल वाचून काम उचलतो. जवळच्या सहायकाबाबत असे लिहिणे राहूनच जाते. कोणता ग्राहक फोन टाळतो, कोणाला त्याच दिवशी उत्तर हवे असते, हे सगळे त्याच्या डोक्यात असते, आणि तो नोकरी सोडतो तेव्हा त्याच्याबरोबरच निघून जाते.