चावी काढली तरी

[दृश्य: रात्र. साखर कारखान्याकडे जाणारा रस्ता. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग.]

गळीत हंगाम जोरात आहे. मागे दोन-दोन ट्रॉल्या, टपावर एलईडीच्या माळा, मडगार्डवर स्पीकर, पुढे जादा हॅलोजन. ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. रात्रभर जागं राहायला गाणी लागतात असं ड्रायव्हर सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण ट्रॅक्टरच्या वायरिंगला आग कशी लागते हे कळायला या सगळ्याचा हिशेब एकदा मांडून बघू.

100 वॅटचे चार दिवे, 12 व्होल्टवर. चारशे भागिले बारा, म्हणजे साधारण 33 ॲम्पिअर. ॲम्प्लिफायर खरोखरच 600 वॅट ओढत असेल, तर त्याचे आणखी 50. आपल्याकडच्या कित्येक ट्रॅक्टरांना आल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग, येतो तो 36 किंवा 42 ॲम्पिअरचा. विहिरीला पाणी एवढंसं आणि उपसा दुप्पट. कमी पडेल ते बॅटरी भरून काढते. त्यातही नवे दिवे जोडलेले असतात ते हेडलाइटच्या मूळच्या बारीक वायरीला टॅप मारून. मोठा करंट वेगळ्या वाटेने सोडणारा स्विच, म्हणजे रिले नाही, वेगळी वायर नाही.

आधी स्विच गरम लागतो. मग त्याच्या मागचं प्लास्टिक तपकिरी पडतं. मग फ्यूज उडतो. उडणं हेच त्याचं काम. तो दिवा वाचवायला नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. पण रात्री दोन वाजता फडात उभ्या असलेल्या माणसाला हे कोण सांगणार? सिगारेटच्या पाकिटातली चांदी, नाहीतर तांब्याच्या दोन तारा गुंडाळल्या की दिवे लागतात. 15 ॲम्पिअरला तुटणारी जागा गेली. आता तुटायची पाळी वायरीची.

[दृश्य: ऑटो इलेक्ट्रिशियनचं गॅरेज. बाकावर काढून ठेवलेला जळका वायरिंगचा जुडगा.]

हा जुडगा एका ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डमागून निघालेला आहे. काळी टेप वितळून वायरींना चिकटली आहे, आठ-दहा वायरींची एकच कडक काठी झाली आहे. मिस्त्री ती हळूच वाकवतात. कोटिंग टरफलासारखं सुटतं आणि आतून एक लाल वायर निघते, बाकीच्यांपेक्षा वेगळ्या जातीची.

"मालक, ही कुणी ओढली?"

"पुतण्यानं. टेपसाठी."

"डायरेक्ट बॅटरीवरनं?"

"चावी काढली की गाणी बंद पडायची, म्हणून."

बरेच लोक इथेच फसतात. चावी फिरवली की दिवे विझतात, मीटर पडतो, आणि आपल्याला वाटतं सगळंच बंद झालं. पण बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फपर्यंत (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरपर्यंत) जाणारी जाड केबल चावीच्या अलीकडे असते. आल्टरनेटरची मुख्य वायरही तशीच. या दोन्ही रात्रंदिवस जिवंत असतात, ट्रॅक्टर शेडमध्ये आणि मालक घरात झोपलेला असला तरी. सेल्फच्या केबलला सहसा फ्यूजही नसतो, कारण सेल्फ मारताना तिच्यातून शेकड्यांनी ॲम्पिअर जावे लागतात.

ही केबल इंजिनच्या कडेने, लोखंडी धारेला लागून जाते. तिला धरणारी एक साधी क्लिप असते. क्लिप तुटते, आणि ती तुटली म्हणून ट्रॅक्टर थांबत नाही, त्यामुळे कुणी बघतही नाही. मग प्रत्येक हादऱ्याला केबल त्या धारेवर घासत राहते. एक दिवस तांबं लोखंडाला टेकतं. भरलेली बॅटरी अशी शॉर्ट झाली तर क्षणात हजारभर ॲम्पिअर सोडू शकते. 12 व्होल्टचा शॉक लागत नाही, म्हणून त्याची भीतीही वाटत नाही. घरातल्या 230 व्होल्टला बिचकणारा माणूस इथे पान्याने ठिणगी पाडून करंट तपासतो.

[दृश्य: बॅटरीजवळ मिस्त्रींचे हात. टेस्ट लॅम्प.]

मिस्त्रींची तपासायची पद्धत साधी आहे. चावी बंद. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये 21 वॅटचा बल्ब धरायचा. सगळं ठीक असेल तर बल्ब लागत नाही. लागला, तर कुठूनतरी करंट वाहतोय. मग एकेक फ्यूज काढत जायचा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, चोर त्या लाइनवर. या ट्रॅक्टरचे सगळे फ्यूज काढले तरी बल्ब लागलेलाच होता. सीटखालून गेलेली ती लाल वायर सोडवली, तेव्हा विझला.

निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची, हा नियम उगाच नाही. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर शॉर्ट होतो. आणि नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो. हवेत तो 4 टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो, आणि बॅटरी तोंडासमोर फुटते.

शॉर्ट न होताही आग लागते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. तिथे समजा ओमचा फक्त शंभरावा भाग एवढा अडथळा आहे. 200 ॲम्पिअर गेले की त्या सांध्यावर 400 वॅटची उष्णता होते, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. सेल्फ पटकन उचलला तर निभावतं. थंडीच्या सकाळी दहा वेळा मारावा लागला, तर नाही.

बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी त्याहून दुर्लक्षित. जेवढा करंट पॉझिटिव्हमधून जातो, तेवढाच बॉडीतून बॅटरीकडे परत यायला हवा. पट्टीचा बोल्ट गंजला, किंवा रंग देणाऱ्याने तिच्याखाली रंग मारून ठेवला, की करंट दुसरी वाट शोधतो: ॲक्सिलरेटरची तार, इंजिन बंद करायची ओढकेबल. सेल्फ मारला की हातात धरलेली ओढकेबल तापते. अशी तापलेली केबल कुणी दाखवली तर मिस्त्री पहिला पाना अर्थच्या बोल्टलाच लावतात. वेल्डिंगचंही तेच. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरी सोडवायची आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या जागेला अगदी लागून लावायचा. तो लांब कुठेतरी अडकवला, तर वेल्डिंगचा करंट वायरिंगमधून फिरतो.

[दृश्य: सोयाबीनच्या शेतात हार्वेस्टर. चहूकडे धूळ.]

ठिणगीला धरायला काहीतरी लागतं, आणि काढणीच्या दिवसांत ते भरपूर असतं. पंजाब-हरियाणातून येणारे हार्वेस्टर मराठवाडा-विदर्भात दिवसच्या दिवस थांबत नाहीत. कोरडा भुसा बॅटरीच्या पेटीत, सायलेन्सरच्या खाचेत, वायरिंगच्या जुडग्यावर बसतो. त्यावर डिझेल किंवा हायड्रॉलिक ऑइल पाझरलं की झालं. अशी आग आधी नुसती धुमसते, ड्रायव्हरला वासही येत नाही. खरं सांगायचं तर हार्वेस्टरची प्रत्येक आग विजेची नसते. अडकलेलं बेअरिंग किंवा तापलेला एक्झॉस्टही पुरतो. पण दोन्हीवर उपाय एकच: इंजिन थंड झालं की कॉम्प्रेसरच्या हवेने ती खाचखळगी रोज झटकणं. ऊसतोडणी यंत्रात पाचटाचंही हेच.

वायरी कुरतडणाऱ्या उंदरांबद्दल वेगळं सांगायला नको. धान्य आणि कडब्याशेजारी चार महिने उभा असलेला ट्रॅक्टर हे त्यांचं आयतं घर. हंगामाआधी सेल्फ मारण्यापूर्वी बॉनेट उघडून बघावं, बस.

ट्रॅक्टरबाहेरची वीजही आहे. शेतावरून गेलेली 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) लाइन झोळ खाऊन खाली येते, आणि कडब्याची किंवा उसाची ट्रॉली उंच भरलेली असते. टायर रबरी आहेत म्हणून वाचू, हा भ्रम आहे. एवढ्या दाबाला टायर स्वतःच पेटू शकतात. लाइन टेकली तर ड्रायव्हरने सीटवरच बसून राहावं आणि लाइन बंद करायला सांगावी. आग लागलीच, तर ट्रॅक्टर आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय जवळजवळ ठेवतच दूर जावं.

[दृश्य: सीटशेजारी लावलेलं लहान अग्निशामक. बॅटरीजवळचा कट-ऑफ स्विच.]

बॉनेटखालून धूर दिसला की हात आधी बॉनेटकडे जातो. ते पूर्ण उघडलं की आगीला हवा मिळते. इंजिन बंद, बॅटरीचा कट-ऑफ बंद, मग फटीतून अग्निशामकातली एबीसी (कोरडी) पावडर. शॉर्ट चालू असेल तर विझवलेली आग पुन्हा पेटते, म्हणून कट-ऑफ महत्त्वाचा. तो हाताला लागेल असा बाहेर हवा. बॉनेटखाली बसवलेला कट-ऑफ ऐन वेळी निरुपयोगी. पेटत्या डिझेलवर पाणी ओतलं तर डिझेल पसरतं, माती चालेल.

नंतर पंचनामा होतो आणि कारणाच्या रकान्यात 'शॉर्ट सर्किट' एवढंच लिहिलं जातं. वायर शॉर्ट झाल्यामुळे आग लागली, की आगीत कोटिंग जळून वायरी नंतर एकमेकींना टेकल्या, हे त्यातून कळत नाही. तांबं 1085 अंशांना वितळतं. ठिणगीने वितळलेल्या टोकाला बारीक गोल मणी असतो, आणि त्याच्या शेजारची तार जवळपास जशीच्या तशी. नुसत्या आगीत वितळलेली तार लांबवर पातळ होत गेलेली, ओघळलेली दिसते. मणी सापडला तरी तो आगीच्या आधीचा की नंतरचा, हे ठरवायला तो कुठे आहे, त्याची लाइन कुठून निघते आणि आग कुठल्या बाजूला जास्त आहे, हे सगळं जुळवावं लागतं. त्यासाठी वायरी जागच्या जागी असाव्या लागतात. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत जळका जुडगा, बॅटरीच्या केबली आणि फ्यूज बॉक्स हलवू नये, फोटो काढून ठेवावेत. तांब्याला भाव आहे म्हणून भंगारवाला दुसऱ्याच दिवशी दारात येतो. त्याला आठवडाभर थांबवा.