फांगजी नावाचा खण

(दृश्य: लाकडी खणांची भिंत. एक हात खण ओढतो, वाळलेल्या मुळाच्या चकत्या बाहेर काढतो.)

फिकट, पिठूळ चकत्या. चिनी औषधांच्या या खणावर चिनी अक्षरांत नाव आहे, फांगजी. पण या एका नावाखाली दोन निराळ्या वेलींची मुळं विकली जायची. एक स्टेफानिया, दुसरी ॲरिस्टोलोकिया. कापून वाळवल्यावर भल्याभल्यांची फसगत व्हायची.

१९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या औषधात पहिलीच्या जागी दुसरी गेली. शंभराहून जास्त रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. बहुतेक सगळ्या बायका. कित्येकींची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

आपल्याकडेही ब्राह्मी मागितली तर कुणी जलब्राह्मी देतो, कुणी मंडूकपर्णी.

(दृश्य: जुन्या छापील ग्रंथाची पानं, मग संगणकाचा पडदा.)

म्हणून चिनी वैद्यकाची माहिती संगणकात भरताना खरं काम नावापासून सुरू होतं. सोळाव्या शतकातले चिनी वैद्य ली शिझेन यांना हे कळलं होतं. १५७८ साली त्यांनी ‘बेनत्साओ गांगमू’ हा औषधांचा ग्रंथ लिहून पुरा केला. १,८९२ औषधं, औषध बनवण्याचे अकरा हजारांवर पाठ. आणि प्रत्येक औषधाच्या सुरुवातीला नावांची फोड: कोणत्या ग्रंथात काय म्हणतात, ते नाव कशावरून पडलं. मग ते कुठे उगवतं, कसं शुद्ध करायचं, चव, गुण. आजच्या नोंदीत त्याला वनस्पतीचं शास्त्रीय नाव जोडायचं. मूळ की पान, कच्चं की वाफवलेलं, तेही वेगळं लिहायचं.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती सोपं करण्याच्या घाईची. चौथ्या शतकात चिनी वैद्य गे होंग यांनी तापावर छिंगहाव या वनस्पतीचा उपाय लिहिला: मूठभर छिंगहाव दोन मापं पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळा, असं कुठेच नाही. १९७१मध्ये बीजिंगला मलेरियावर औषध शोधणाऱ्या संशोधक तू यूयू यांचे छिंगहावचे अर्क कधी चालत, कधी फसत. ही ओळ पुन्हा वाचताना त्यांच्या मनात आलं, उष्णतेनं औषध मरत असेल. त्यांनी अवघ्या ३५ अंशांना उकळणारं ईथर वापरलं. १९१व्या नमुन्यानं उंदरांमधल्या मलेरियाच्या परजीवींचा पुरता नायनाट केला. त्यातूनच पुढे आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं औषध मिळालं, आणि २०१५ साली तू यूयू यांना नोबेल.

(दृश्य: पडद्यावर एक कोरी नोंद. ‘कृती’ या रकान्यात कर्सर लुकलुकतो.)

या रकान्यात कुणी नुसतं ‘काढा’ लिहून पुढे गेलं असतं, तर ती ओळ तिथेच संपली असती.