आंबट म्हणजे नक्की कुठलं आंबट?

तर मंडळी, आपण आलोय ब्रसेल्सच्या अँडरलेख्त भागात. बाहेरून बघाल तर जुनं गोडाऊन वाटेल, पण ही आंबट बिअर बनवणारी कांतियों ब्रुअरी आहे, १९०० पासूनची. थेट वर माळ्यावर जाऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. ही लांबरुंद, उथळ तांब्याची टाकी बघा, परातच म्हणा ना, हिच्यात बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि कच्चा गहू यांचा उकळलेला गरम काढा रात्रभर उघडा ठेवतात, यीस्ट वगैरे काही टाकत नाहीत, हवेतलं जे पडेल ते पडेल! म्हणून हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत, उन्हाळ्यात नको ते जंतू शिरतात. आणि कोपऱ्यातली जळमटं कोणी झाडत नाही बरं का, कोळी माश्या खातात ना.

मग लाकडी पिंपात एक, दोन, तीन वर्षं. ही झाली लॅम्बिक. जुनी-नवी लॅम्बिक मिसळून बाटलीत भरली, बाटलीत ती परत फसफसली, की गूझ.

आता ग्लास. गूझ नाकाशी नेली की आधी तबेल्याचा वास येतो, खोटं कशाला बोलू, आणि मग घोट घेतला की लिंबाची साल, ओलं लाकूड, आणि शेवटी तोंड एकदम कोरडं. गोडवा शून्य. तिच्या शेजारी क्रीक, लॅम्बिकमध्येच आंबट चेरी मुरवलेली, बियांसकट, त्यामुळे मागे बदामाची हलकी चव राहते. रंग भारीच.

तिसरी रोडेनबाख ग्रँड क्रू, ही इथली नाही, बेल्जियमच्याच पश्चिम फ्लँडर्समधल्या रुसेलारची. ओकच्या उंचच उंच पिंपांत दोन वर्षं मुरलेली बिअर जास्त आणि ताजी कमी असं मिश्रण. हिचा आंबटपणा वेगळाच, व्हिनेगरकडे झुकणारा, पण सोबत कॅरॅमलचा गोडवा, त्यामुळे नवख्या माणसाला हीच आधी आवडते. गूझमध्ये मुख्य काम लॅक्टिक ॲसिडचं, म्हणजे दह्यातल्या आंबटपणाचं, इथे ॲसेटिक, म्हणजे व्हिनेगरमधलं, पण चांगलंच जाणवतं.

मला विचाराल तर गूझच, पण सुरुवात रोडेनबाखनेच करा. आणि क्रीक घेताना लेबल नीट वाचा, साखर घालून गोड केलेली पण भरपूर विकतात. 'औड क्रीक', म्हणजे जुन्या पद्धतीची, असं लिहिलेली मिळाली तर तीच उचला.