डिसेंबरच्या पोटातला वसंत

आत्ता जे ऐकताय तो नुसता पियानो आहे. ना ड्रम, ना व्हायोलिन, ना कुणाचा गळा. अल्बमचं नाव 'डिसेंबर', साल १९८२, वाजवणारे जॉर्ज विन्स्टन. एकट्या अमेरिकेत याच्या तीस लाखांच्या वर कॉपी गेल्या, पण मला खरं सांगायचंय ते त्या मधल्या मोकळ्या जागांबद्दल. पियानोवर सूर एकदा वाजला की तो विरतच जातो, पेटीसारखा भात्याने धरून ठेवता येत नाही, आणि हा माणूस त्या विरण्याला पुरेसा वेळ देतो, घाई म्हणून नाहीच.

हे कुठून आलं तर माँटानातून. विन्स्टन यांचं बरंचसं लहानपण त्या राज्याच्या पूर्व भागात, माइल्स सिटीत गेलं. यलोस्टोन नदीकाठचं छोटं गाव, आजूबाजूला नजर पोचेल तिथवर सपाट माळ, हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली. तिथे ऋतू बदलणं हीच मोठी घडामोड असायची, ते स्वतः आयुष्यभर हेच सांगत आले. 'ऑटम' १९८० ला आला, मग 'विंटर इंटू स्प्रिंग', मग हा. लोकांनी न्यू एजचं, म्हणजे मन निवांत करणाऱ्या शांत संगीताचं, लेबल लावलं, ते मात्र आपल्या वाजवण्याला फोक पियानोच म्हणायचे.

स्टेजवर बघाल तर जीन्स आणि पायात नुसते मोजे. कारण ताल धरताना पाय जोरात आपटायचा आणि बुटांचा आवाज व्हायचा, म्हणून बूटच काढून टाकले! कधीकधी एक हात पियानोच्या आत घालून तारा दाबून धरायचे आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या वाजवायचे, मग सूर असा बंद, ठक्क येतो, जणू बर्फाखाली दबलाय.

या अल्बममध्ये जुन्या काळच्या जर्मन संगीतकार पाखेलबेलची 'कॅनन' ही रचना आहे, म्हणजे त्यावरची व्हेरिएशन्स. मूळ रचनेत खाली आठ सुरांची एकच ओळ फिरत राहते, आपल्याकडे तबला सोलोला लेहरा असतो ना तशी, आणि सगळी गंमत वर चालते. पण मला थांबायचंय ते 'कॅरोल ऑफ द बेल्स'पाशी. सगळे याला ख्रिसमसचं गाणं समजतात. हे मुळात युक्रेनचं, मिकोला लिओंतोविच यांनी लोकगीतावरून बांधलेलं, आणि त्यात ख्रिसमस नाहीच, त्यात एक पाकोळी घरात येते आणि मालकाला हाक मारते, बाहेर ये, बघ, तुझ्या मेंढ्यांना कोकरं झालीत. म्हणजे इतक्या गोठलेल्या रेकॉर्डच्या मधोमध वसंत बसलाय आणि बऱ्याच जणांना पत्ताच नाही.

विन्स्टन २०२३ च्या जूनमध्ये गेले. त्याच्या दहा वर्षं आधी बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं होतं, लॉस एंजेलिसजवळच्या सिटी ऑफ होप या हॉस्पिटलमध्ये. बरे होत असताना तिथल्या ऑडिटोरियममध्ये पियानो होता, रात्री जाऊन तो वाजवत बसायचे, आणि त्या रात्रींमधून नव्या रचना होत गेल्या. त्या रचनांचा अल्बम २०१७ ला आला, 'स्प्रिंग कॅरोसेल', आणि त्याची कमाई त्याच हॉस्पिटलच्या कॅन्सर रिसर्चला दिली.